एका माणसाची होडी

एका माणसाची होडी निवडायला चार माणसं गेली होती, यावरूनच घरातली हवा ओळखा. पुढे अजीलकाका, त्यांच्यामागे थोरला साचित, मग ज्याला होडी हवी होती तो धाकटा वावी, आणि सगळ्यात शेवटी काळा अबा डोक्यावरून सावरत आलेली आई, नूफा. होड्या बांधायच्या आवारात बायका येत नाहीत. नूफा आली. तिला अडवायची हिंमत ना मुलांत होती, ना दिरात.

उस्ताद मुहैसिननं हातातली करवत खाली ठेवली आणि आमच्या रिवाजानं तिला थोरल्याच्या नावानं, साचितची आई म्हणून, हाक मारली. "उम्म साचित, इतकी वर्षं तुमच्या घराला होड्या देतोय, पण नवरी बघायला यावं तसं अख्खं घर होडी बघायला आलेलं आजच बघतोय."

"नवरी बघायला कुठं मिळाली?" नूफा म्हणाली. "ती न बघताच आली. निदान होडी तरी बघून घेऊ दे."

वावीनं मान खाली घातली. बोलणं त्याच्या बायकोबद्दल होतं. उन्हाळ्यात दोन्हीकडची वडील माणसं शेखच्या पाहुणेघरात बसली, मधल्या भावाच्या, लफ्ताच्या खुनाचा तंटा मिटला, आणि आमच्या दलदलीतल्या रिवाजाप्रमाणे तडजोडीत मारणाऱ्यांच्या घरची एक मुलगी इकडे आली. वनसा तिचं नाव. ती वावीला दिली. घरात मात्र तिला नावानं हाक मारणारा वावी एकटाच होता. बाकी सगळे 'फस्लिया' म्हणायचे, म्हणजे तंट्यात भरून मिळालेली.

तंटा मिटला खरा, पण मनातली भीती कुठं मिटली होती? लफ्ताला बोरूच्या बनात एकट्याला गाठून मारलं होतं. त्यानंतरचे सहा हिवाळे या घरातला एकही पुरुष एकटा पाण्यात गेला नाही. गवत कापायला दोघं, म्हशी आणायला दोघं. बदकं मारायला जातानाही वावी पुढे बंदूक घेऊन, आणि मागे वल्हं मारायला, पाठ राखायला अजीलकाका.

"ही बघ, ही कशी आहे!" काकांनी एका रुंद होडीच्या कडेवर थाप मारली. "दोघं ऐसपैस बसतील. मध्ये शेगडीसुद्धा राहील."

"काका, दोघंच तर नकोयत," वावी म्हणाला.

"का? मी काय ओझं आहे तुला?"

"ओझं नाही हो, खोकला आहे."

साचित हसला, उस्ताद हसला, आणि नूफाच्याही तोंडाचा कोपरा हलला. काका मात्र मनापासून दुखावले. "सहा हिवाळे तुझ्या पाठीशी बसलो थंडीत. त्या थंडीचाच हा खोकला. आता तोच नडतोय होय?"

"तसं नाही काका." वावीनं त्यांचा हात धरला. "पण तुम्हीच सांगा, गेल्या हिवाळ्यात किती पाखरं जिवंत हाती लागली? बार लागून पाखरू पडतं, ते आपली एवढी जड होडी बोरूतून वाट काढत पोचेपर्यंत मरतं. अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायची कुणावर? मेलेल्यावर? सगळी कुत्र्यांना घातली. अख्ख्या गावात आपल्याइतकी गलेलठ्ठ कुत्री कुणाची नाहीत."

काकांनी त्या रुंद होडीकडे पाठ फिरवली, कारण कुत्री खरोखरच गलेलठ्ठ होती.

साचितचा डोळा होता तो एका उंच नाळेच्या सडपातळ होडीवर. घरचा कर्ता म्हणून तडजोडीला त्यानंच होकार दिला होता. वावीनं एकट्यानं बाहेर पडावं असं त्याला वाटत होतं, आणि तेही साऱ्यांना दिसेल असं. आपण अजून जोडीनंच फिरतो, म्हणजे आपला त्यांच्या शब्दावर विश्वास नाही, असं वनसाच्या माहेरचे हलाफवाले उघड बोलायला लागले होते. त्यातून उद्या भलतंच काही सुरू झालं असतं.

"ही वरातीला छान," उस्ताद म्हणाला. "हिच्यातून आडवा बार काढलास की बदक वर आणि तू खाली. वावी, तू इकडे ये. तुझ्यासाठी ही."

कोपऱ्यात एक बुटकी, चपट्या तळाची, डांबर न लावलेली होडी पडली होती. कड जेमतेम वीतभर. साचितनं तोंड वाकडं केलं. "ही काय होडी आहे? हे तर म्हशीला पाणी पाजायचं डोण!"

"असू दे. डोणाकडे बदक बघत नाही," उस्ताद म्हणाला आणि चौघांनी उचलून ती पाण्यात सोडली.

वावी आत पालथा पडला. बंदुकीऐवजी काठी नाळेवर टेकवली, दोन्ही हात बाहेर सोडले आणि नुसत्या तळहातांनी पाणी मागे सारलं. होडी आवाज न करता निघाली. लांबून बघताना वाटावं, पाण्यावर वाळकं गवत वाहतंय. "बार नेहमी समोरच काढायचा," उस्ताद काठावरून सांगत होता. "धक्का लांबीत जिरतो, होडी फक्त हातभर मागे सरकते. आणि पाखरू पडलं की उठायचं नाही, तसंच पडल्या पडल्या सुटायचं!"

वावी परत आला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता, की साचितला लफ्ता जाण्याआधीचे दिवस आठवले.

"उतर," नूफा म्हणाली.

तो उतरला. तिनं अबा कमरेला खोचला, आणि कुणाला काही कळायच्या आत ती होडीत शिरली. नूफा काही हलकी बाई नव्हे. होडी बसली, डुलली, आणि दोन्ही कडांवरून पाणी आत आलं.

"आई, अगं काय करतेस!"

"बघतेय, मागे कुणाला जागा आहे का." ती तशीच गुडघाभर पाण्यात बसून राहिली. मग कुणाकडेही न बघता म्हणाली, "नाही. हिच्यात दुसऱ्याला जागा नाही."

"नाही, आई."

"माझ्यासारखीला नाही, आणि तुझ्या काकासारख्या काटकुळ्यालाही नाही."

"नाही."

साचितनं तिला हात देऊन बाहेर काढलं. तिचे कपडे निथळत होते. अजीलकाका तिच्या तोंडाकडे आशेनं बघत होते. घरून निघताना दोघांचं ठरलं होतं, काही झालं तरी दोन माणसांचीच होडी घ्यायची.

"उस्ताद," नूफा म्हणाली, "डांबर आम्ही घरी लावू. दुसऱ्याच्या हातचा लेप मला चालत नाही."

"उम्म साचित!" काका ओरडले. "हे काय? आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं. पण पोराचं तोंड बघितलंत ना?"

*

डांबर चुलीवर रटरटत होतं आणि त्याच्या वासानं अख्खं बेट भरून गेलं होतं. साचित लाकडी लाटण्यानं लेप पसरत होता, वावी बुडबुडे फोडत होता. वनसा दाराशी बसून होडीच्या तळाला घालायची चटई विणत होती. तिची जाऊ, साचितची बायको शुक्रिया, भाकरी थापत होती, आणि तोंडही चालवत होती.

"घट्ट विण हो," शुक्रिया म्हणाली. "तुझ्या माहेरचे छर्रे आरपार जायला नकोत."

वनसानं पुढचा वेत ओढून घेतला. असं बोलणं तिनं आल्या दिवसापासून ऐकलं होतं. पहिल्या महिन्यात ती रडायची, दुसऱ्यात रागवायची, आता नुसती मोजून वेत खाली-वर करायची. एक खरं, की होडी या घरात आल्यापासून तिची झोप उडाली होती. नवरा जाणार होता तो मोठ्या तळ्यावर. त्या तळ्याच्या या बाजूला तिचं सासर, त्या बाजूला माहेर. काही कमीजास्त झालं तर दोन्हीकडून ती गेलीच.

"डांबर उन्हात चकाकतं," ती हळूच वावीला म्हणाली. "वरून चिखलाचा हात फिरवा. आमच्याकडे तसंच करतात."

"आमच्याकडे म्हणजे?" शुक्रियानं लगेच पकडलं. "तुझं आता 'आमच्याकडे' कुठलं?"

"चिखल चिखल असतो, वहिनी," वावी म्हणाला आणि खरोखरच चिखल आणायला गेला.

मग सुरीचा प्रश्न निघाला. कमरेला लावली तर पालथं पडल्यावर पोटाला टोचणार. साचित म्हणाला, डोक्याच्या फेट्यात खोच. काका अजून रुसलेले होते, तरी त्यांना राहवलं नाही. ते उठले, उजव्या कडेला आतून एक चामड्याचं म्यान खिळ्यानं ठोकलं, आणि सुरीला दोरी बांधली. "पाण्यात पडली तरी तुझ्याच मनगटाला राहील," ते म्हणाले. "आणि म्यान इथं, हात सरळ सोडला की मूठ हातात. बघ."

वावीनं हात सोडला. मूठ हातात आली.

"काका, तुम्ही नसता तर..."

"पुरे. खोकला नडत होता ना?" पण ते हसत होते.

सगळं झालं. नाळेवर बंदूक टेकवायला खाच, पुढे गवताचा आडोसा, पाणी उपसायला पत्र्याचा डबा, कोरडी दारू ठेवायला झाकणाचं शिंग. तेव्हा नूफा बाहेर आली आणि वनसासमोर उभी राहिली.

"उठ. अब्बासची शपथ घे, तुझे भाऊ माझ्या पोराला हात लावणार नाहीत म्हणून."

अंगणात सगळे थांबले. हजरत अब्बासची शपथ आमच्याकडे कुणी उगाच घेत नाही. खोटी ठरली तर घर बसतं, असं म्हणतात.

वनसा उठली. तिनं हातातली चटई खाली ठेवली. "मी माझी शपथ घेईन. मी या घराचं वाईट चिंतलं असेल तर अब्बास मला बघून घेवो. पण भावांची कशी घेऊ? त्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय, आणि शब्दाबरोबर मला दिलंय. त्यावर तुमचा विश्वास नसेल तर माझ्या शपथेवर कसा बसेल?"

"बघा, बघा!" शुक्रिया म्हणाली. "शपथ घेत नाही!"

"गप बस, शुक्रिया," नूफा म्हणाली.  "खोटारडी असती तर पटकन घेतली असती," असं काहीसं पुटपुटत ती म्हशींकडे निघून गेली.

*

सकाळी वावी गेला. सूर्य वर आला, म्हशी पाण्यात उतरल्या, चहा झाला. पुरुष माणसं चटईवर बसून जाळी विणत असल्याचं सोंग करत होती. कुणाचंच लक्ष जाळ्यात नव्हतं.

पहिला बार ऐकू आला तेव्हा काकांनी मान डोलावली. "आपलीच. घशात काहीतरी अडकल्यासारखी वाजते."

आणि तेवढ्यात दुसरा बार झाला.

साचितनं हातातलं जाळं टाकलं. वावीची बंदूक ठासणीची, एका नळीची. दारू घाला, चिंधी ठासा, छर्रे घाला, पुन्हा ठासा. एवढ्यात माणूस चहाचा पेला संपवतो. इतक्या लगेच दुसरा बार वावीचा असूच शकत नव्हता. शिवाय त्याचा आवाज वेगळा होता, कोरडा, फट्कन.

काका होडीपर्यंत पोचलेसुद्धा. साचितनं आतून रायफल आणली. शुक्रियानं छाती पिटायला सुरुवात केली. "मारलं! माझ्या दिराला मारलं! मी म्हणत नव्हते?" वनसा भिंतीला टेकून उभी होती, तोंड पांढरंफटक.

साचितचा पाय होडीत होता आणि डोक्यात एकच विचार होता, तडजोडीला होकार मी दिला. एकटा जा असं मी म्हणालो. लफ्ताच्या वेळी मी घरी नव्हतो, आता घरी असून काय केलं? त्याच वेळी दुसराही विचार येत होता. बंदुका घेऊन दोघं त्यांच्या पाण्यात शिरलो, आणि तिकडे काहीच झालेलं नसलं, तर? मग जे होईल ते आपल्यामुळे होईल.

"आई," तो म्हणाला. लहानपणीसुद्धा त्यानं तिला असं विचारलं नव्हतं. "काय करू?"

 एक मुलगा नूफानं पुरला होता. धाकट्याच्या आधीची दोन बाळंही गेली, म्हणून तर त्याचं नाव वावी, म्हणजे कोल्हा, ठेवलं होतं, वाईट नजर त्याच्यावर पडू नये म्हणून. त्याच्यासाठी तिनं सगळं गाव पेटवलं असतं.

"रायफल आत ठेव," ती म्हणाली.

"उम्म साचित, डोकं ठिकाणावर आहे ना?" काका म्हणाले.

"आहे. होडीत दोघांना जागा नाही हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. एकटा जाऊ द्यायचं ठरवलं, तर एकटाच जाऊ द्यायचा. बसा खाली. साचित, बस."

साचित बसला. काकाही बसले, पण पाय होडीतच ठेवून. शुक्रियाचं रडणं हळूहळू बंद झालं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. म्हशी रवंथ करत होत्या, चुलीवर गोवऱ्या धुमसत होत्या, आणि नूफाचे ओठ नुसते हलत होते.

मग लांबून, घशात काहीतरी अडकल्यासारखा, जाडाभरडा बार झाला.

"वावी!" काका ताडकन उठले आणि अर्धे पाण्यात पडले. "आपलीच! अब्बासची शपथ, आपलीच बंदूक!"

साचितचा जीव भांड्यात पडला. तो हसायला लागला, त्याला थांबवेना. शुक्रियानं पुन्हा रडायला सुरुवात केली, या वेळी आनंदानं. तिचा दोन्हीला एकच सूर होता. नूफा मटकन खाली बसली आणि म्हणाली, "कुणीतरी चहा करा रे."

चहा वनसानं केला. नूफानं तो घेतला. हेही पहिल्यांदाच.

*

दुपार कलता कलता वावी आला. होडी पाखरांनी इतकी भरली होती की कड दिसत नव्हती. तो काठाला लागला तशी नूफानं पायातली वहाण काढली आणि त्याच्या पाठीत दोन हाणल्या.

"अगं आई! काय केलं मी?"

"काही नाही केलंस! काही नाही केलंस म्हणून!" आणि त्याला जवळ घेऊन तिनं त्याच्या ओल्या डोक्याचे मुके घेतले.

"दुसरा बार कुणाचा होता?" साचितनं विचारलं.

"कुठला दुसरा? बोरूतून आवाज घुमतो," वावी म्हणाला आणि बंदूक पुसायला लागला. साचितनं जास्त खोदलं नाही. पोरगं घरी आलं होतं. होडीचं कौतुक मात्र वावीला आवरेना. कशी निघते, कशी वळते, एकही पाखरू वाया गेलं नाही, प्रत्येकाच्या मानेवर वेळेत सुरी फिरली. "काका, तुमचं म्यान म्हणजे!" काकांनी खोकून घेतलं.

बायका पिसं काढायला बसल्या. वनसानं एक हिरव्या डोक्याचं मोठं बदक उचललं, मान हातात धरली, आणि तिचे हात थांबले.

बाकी सगळ्या पाखरांच्या मानेवरचा काप उजव्या हाताचा होता. या एकाचा उलट्या बाजूनं, डावीकडून ओढलेला, एका झटक्यात. असा काप तिनं लहानपणापासून बघितला होता. तिच्या भावाचा, जासिबचा. तो डावखुरा होता.

"काय झालं?" नूफा म्हणाली. "पिसं का थांबली?"

वनसाला खोटं बोलता आलं नाही. तिनं बदक तसंच सासूपुढे धरलं. नूफानं मान उलटसुलट करून बघितली. रांधणाऱ्या बाईच्या डोळ्याला असं काही सांगावं लागत नाही. "वावी," तिनं हाक मारली, "हे कुणी कापलं?"

वावी उठून आला. आधी आईकडे बघितलं, मग बायकोकडे. "तू पुन्हा जाऊ देणार नाहीस म्हणून बोललो नाही," तो म्हणाला. "जासिब होता. त्याच्या होडीत, एकटाच. एकाच थव्यावर आम्ही दोघांनी बार काढला. एकमेकांना दिसलो तेव्हा... खरं सांगू आई, माझी पाचावर धारण बसली. दोघांच्याही बंदुका रिकाम्या. माझं हे बदक पंख मोडून त्याच्या होडीजवळ पडलं. मी पोचेपर्यंत ते गेलं असतं. तो ओरडला, तुझं ना? मी म्हटलं, हो. त्यानं अल्लाचं नाव घेतलं, कापलं, आणि पाय धरून माझ्याकडे केलं."

"आणि?"

"आणि विचारलं, 'वनसा बरी आहे ना?'"

वनसानं ओढणी तोंडावर घेतली. उन्हाळ्यापासून तिकडून एक शब्द आला नव्हता. रिवाजानं यायचाही नव्हता.

"ते आपल्या ताटात नको," शुक्रिया म्हणाली, पण तिच्या आवाजात रोजचा जोर नव्हता. "लफ्ताला ज्यांनी मारलं, त्यांच्या हातचं कापलेलं. कुत्र्यांना टाका."

  काका आणि साचित नूफाकडे बघत होते. आमच्याकडे ज्याच्या हातचं कापलेलं खाल्लं, त्याच्याशी वैर धरता येत नाही. पाहुणेघरातले सगळे शब्द एकीकडे आणि हा घास एकीकडे.

नूफानं ते बदक मांडीवर घेतलं. पिसं काढायला लागली. सावकाश काढली, मानेपासून शेपटीपर्यंत, एकही राहू दिलं नाही. मध्येच तिचे डोळे भरून आले, ते तिनं मनगटानं पुसले आणि नाकाला चिकटलेलं पीस फुंकून उडवलं. मग स्वतः चूल पेटवली.

भाताच्या मोठ्या थाळ्यावर तिनं ते बदक सगळ्यात वर ठेवलं. पुरुषांचं जेवण झालं, मग बायका बसल्या. वनसा नेहमीप्रमाणे जरा बाजूला, भिंतीशी.

"तिकडे काय करतेस, वनसा?" नूफा म्हणाली. "इकडे ये. माझ्याजवळ."

नाव ऐकून शुक्रियानं मान वर केली. वनसा आली, बसली. नूफानं बदकाची तंगडी तोडली, एक घास स्वतः खाल्ला, नीट चावून गिळला, आणि उरलेली सुनेच्या हातात दिली. दाराबाहेर वावी होडीतलं पाणी उपसत होता. तिनं तिथूनच त्याला मोठ्यानं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं:

"उद्या जाशील ना, तेव्हा त्याला सांग, बरी आहे म्हणून."